जांभळे कंपाउंडर

त्यांचं आडनाव जांभळे नव्हतं. पण श्रीवर्धनपासून हरिहरेश्वरापर्यंत त्यांना सगळे याच नावाने ओळखत. एकदा तर जिल्ह्याहून आलेल्या सरकारी पाकिटावरसुद्धा कोणा कारकुनाने 'श्री. जांभळे, कंपाउंडर' असं लिहून पाठवलं. यांनी ते न फोडता परत केलं. वर शेरा मारला, 'या नावाचा इसम या दवाखान्यात नाही.' आत त्यांची रजा मंजूर झाल्याचं पत्र होतं हे पुढे महिन्याभराने कळलं, तोवर रजेचे दिवस उलटून गेले होते. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "नाव दुसऱ्याचं, म्हणजे रजाही दुसऱ्याचीच," म्हणाले. त्यांच्या बायकोला मात्र वाटलं. ती माहेरी जायची राहिली होती.

जांभळे हे नाव पडलं ते पोटॅशमुळे. पोटॅशियम परमँगनेट म्हणजे जांभळे, चमकदार, सुईसारखे खडे. त्या काळी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, कुणकुण लागली की सगळ्या विहिरींत तेच टाकत. जखम धुवायला तेच, गुळण्यांना तेच. कंपाउंडरांचा सारा दिवस त्याच्यात जायचा. पाण्यात ते जांभळं दिसतं, पण अंगाला लागलं की डाग पडतो तपकिरी, त्यामुळे त्यांची बोटं कायम सुपाऱ्या सोलणाऱ्या बाईसारखी दिसत. धोतराला खालून वीतभर तोच रंग. नवखा पेशंट त्यांच्या हाताकडे बघून आधी दोन पावलं मागे सरकायचा, मग औषध घ्यायचा.

मी त्यांच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. दवाखाना म्हणजे चार खोल्या: तपासणीची, औषधांची, तिच्याशेजारी चार खाटांचा वॉर्ड आणि मागे एक कोठी. वॉर्ड आणि कोठी यांच्यात नुसता फळ्यांचा पडदा. अंगणापलीकडे, सुपारीच्या वाडीला लागून, चिऱ्यांची एक बुटकी खोली होती. ती प्रेतं ठेवण्यासाठी बांधलेली, पण गावातले लोक घरीच मरणं पसंत करत, त्यामुळे वर्षभर रिकामी.

पहिल्याच दिवशी मी टेबल आवरताना ग्लिसरीनची बाटली उचलली आणि पोटॅशच्या बरणीशेजारी ठेवली. कंपाउंडर अशा आवाजात ओरडले की बाहेर रांगेतला एक माणूस औषध न घेताच घरी गेला.

"बाई, काय केलंत हे?"

"टेबल आवरलं."

"आवरलं नाहीत, पेटवलंत!"

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि समोर उभे राहून शिकवणी घेतली. पोटॅश स्वतः जळत नाही, म्हणाले. ते दुसऱ्याला जळायला मदत करतं. त्याच्या पोटात प्राणवायू भरलेला असतो आणि तो वाटायला ते टपलेलं असतं. ग्लिसरीन, साखर, स्पिरिट, रॉकेल, कापूस, लाकडाचा भुसा, असं काही जळाऊ त्याला भेटलं की ते आपला प्राणवायू काढून देतं. ग्लिसरीनला तर काडीसुद्धा लावावी लागत नाही. दोन थेंब पडले की थोडा वेळ काहीच होत नाही. माणसाला वाटतं, काही होत नाही. आणि मग होतं.

"गावात असे चौघे आहेत," ते म्हणाले. "स्वतः कधी पेटत नाहीत. दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतात. नावं हळूहळू कळतीलच तुम्हाला."

मी म्हटलं, "भाऊ, एकदा करून दाखवा ना."

"नाही. अपघात नमुन्यादाखल दाखवायचा नसतो. बघणाऱ्याला मजा वाटते."

त्यांचे नियम होते आणि ते बदलत नसत. पोटॅश काढायचं ते कोरड्या चिनी मातीच्या चमच्याने. सांडलं तर भुशाने किंवा चिंधीने टिपायचं नाही, भरपूर पाणी ओतून धुवायचं. कागदाच्या पुडीत कोणाला द्यायचं नाही. रिकाम्या इंजेक्शनच्या कुप्या धुऊन, वाळवून त्यांनी एक खोकं भरून ठेवलं होतं, त्यात मोजून दाणे घालून देत. प्रत्येकाला तेच वाक्य: "पाणी गुलाबी झालं पाहिजे. जांभळं झालं तर फेकून द्यायचं."

गावातल्या एका बड्या बागायतदाराने हे वाक्य मनावर घेतलं नाही. त्याचा घसा बसला होता आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या इमारतीच्या उद्घाटनाला त्याला भाषण करायचं होतं. चार दाण्यांनी गुण येतो तर चाळीसांनी लवकर येईल असा त्याने हिशेब केला. सकाळी तोंडाला फडकं बांधून दवाखान्यात आला. जीभ, दात, हिरड्या, सगळं तपकिरी, आणि आतून सोलवटलेलं. कंपाउंडरांनी नुसत्या गार पाण्याच्या चुळा भरायला लावल्या, आणि प्रत्येक चुळीनंतर विचारलं, "किती दाणे?" त्याने दोन्ही हातांची बोटं चारदा दाखवली. भाषण शाळेच्या मास्तरांनी केलं. ते लहान झालं म्हणून लोक कंपाउंडरांना दुवा देत होते.

विहिरींचं काम दवाखान्याच्या शिपायाचं, पण कंपाउंडर कोणावर सोपवत नसत. बादलीत पोटॅश विरघळवायचं, विहिरीत ओतायचं, पोहरा वरखाली करून ढवळायचं, आणि मग काठावर घड्याळ हातात घेऊन बसायचं. अर्ध्या तासात गुलाबी रंग उडाला तर पाण्यात घाण आहे, पुन्हा ओतायचं. रंग टिकेपर्यंत हलायचं नाही. तेवढा वेळ कोणाला पाणी भरू द्यायचं नाही. बायका हंडे घेऊन भोवती उभ्या राहत आणि त्यांच्या घराण्याचा उद्धार करत.

कोळीवाड्यातली काशीबाई यात पुढे. सुकटीच्या पाट्या डोक्यावर घेऊन चार गावं फिरणारी, आवाज खणखणीत.

"आवं कंपाउंडरदादा, त्या औशिदानं माझा भात तांबडा झाला. पोरं म्हनतात, आयेनं मटान रांधलं, खाल्लं, आन् आमाला नुस्ता रस्स्याचा भात दिलान."

"काशीबाई, मग शिजवायच्या आधी पाणी थोडं थांबवून का नाही घेतलंस?"

"थांबवू? भूक थांबत न्हाय त पानी कुटं थांबवू?"

यावर ते गंभीरपणे विचार करत आणि म्हणत, "हा मुद्दा बरोबर आहे." पण रंग टिकेपर्यंत उठत नसत. त्यांच्या घरी तर भाजी, फळं, पालेभाजीच्या काड्यासुद्धा गुलाबी पाण्यातून निघत. त्यांची बायको मला म्हणाली होती, "लग्नात अक्षता धुवायच्या राहिल्या याची अजून यांना चुटपुट आहे."

पोटॅशचा मोठा पत्र्याचा पिंप मात्र ते दवाखान्यात ठेवत नसत. तो असायचा त्या प्रेतांच्या खोलीत. चिऱ्यांच्या भिंती, फरशीची जमीन, आत एक लाकूड नाही की चिंधी नाही. "तिथले रहिवासी तक्रार करत नाहीत आणि विड्याही ओढत नाहीत," हे त्यांचं कारण. आधीच्या डॉक्टरांनी ते चालवून घेतलं होतं.

मग नवे डॉक्टर आले. मुंबईत शिकलेले, तरुण, इस्त्रीची पँट घालणारे. माणूस वाईट नव्हता. बाळंतपणात तर त्यांचा हात फार चांगला. पण महाशिवरात्रीच्या सुमाराला जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला येणार असं पत्र आलं आणि डॉक्टरांची झोप उडाली. प्रेतांच्या खोलीत औषधाचा साठा, हे साहेबांना कसं दिसेल?

"ते औषध आहे, मुडदा नाही," डॉक्टर म्हणाले. "कोठीत हलवा."

"कोठीत कापूस आहे, स्पिरिट आहे, रॉकेल आहे," कंपाउंडर म्हणाले. "हलवणार नाही."

"हा हुकूम आहे."

"लेखी द्या. मी खाली लेखी लिहितो की का हलवणार नाही."

डॉक्टरांनी लेखी दिलं नाही. वाट पाहिली. तपासणीच्या आदल्या दिवशी कंपाउंडर जत्रेच्या विहिरींना औषध घालायला हरिहरेश्वराला गेले. प्रेतांच्या खोलीची चावी नेहमीप्रमाणे खिळ्याला अडकवलेली. डॉक्टरांनी शिपायाला हाक मारली आणि दोघांनी मिळून पिंप कोठीत आणून ठेवला. आणताना उंबऱ्यावर तो आपटला, झाकणाची कड वाकली. मला डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, फळीवरच्या बाटल्या जरा उंचीप्रमाणे लावून घ्या. बघायला बरं दिसेल."

मी लावल्या. ग्लिसरीनची बाटली सगळ्यांत उंच होती, ती कडेला आली, म्हणजे बरोबर पिंपाच्या वर. ती ठेवताना माझा हात क्षणभर थांबला होता, हे मी आज कोणाहीपुढे सांगेन. थांबला, आणि मग मी मनाशी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंतच तर आहे.

दुपारी जेवणं झाल्यावर मी वॉर्डात होते. एकच पेशंट होती, काशीबाईची सून, तीन दिवसांची बाळंतीण. पोर पाजून नुकतंच झोपवलं होतं. काशीबाई खाटेजवळ खाली बसून पान लावत होती. तीच आधी म्हणाली, "बाय, कसला वास येतो?"

फळ्यांच्या फटींतून धूर येत होता. कोठीचं दार उघडलं तर पिंपाच्या तोंडाशी जांभळट, पांढरी, डोळ्यांत घुसणारी ज्वाळा उभी होती आणि वरची फळी पेटली होती. ग्लिसरीनची बाटली आडवी झाली होती. शेजारी कापसाची गठडी धुमसत होती. स्पिरिटचं कपाट तिथून दोन हातांवर.

डॉक्टर धावत आले. त्यांनी खाटेवरचं ब्लँकेट ओढून पिंपावर टाकलं. कुठलीही आग अशीच विझवतात, त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? ब्लँकेट क्षणभर फुगलं, आणि मधोमध भोक पडून ज्वाळा आणखी वर आली. त्यांनी दुसरं मागितलं.

आणि मला कंपाउंडरांची शिकवणी आठवली. याच्या पोटात स्वतःची हवा असते. याला पांघरुणाखाली गुदमरवता येत नाही, उलट पांघरूणच खायला मिळतं. पाणी. जेवढं असेल तेवढं पाणी. बाजूला उभं राहून.

मी डॉक्टरांचा हात धरून त्यांना मागे ओढलं. डॉक्टरांना असं कोणी ओढलं नसेल. "पाणी आणा!" मी ओरडले. "ब्लँकेट नको, पाणी!"

काशीबाईने तोवर नातू एका हातात, सून दुसऱ्या हाताला धरून दोघांना वाडीत नेऊन बसवलं होतं. ती तशीच विहिरीकडे पळाली आणि तिथल्या बायकांना तिने जी हाक मारली ती समुद्रावर होड्यांना ऐकू गेली असेल. बायका भरलेले हंडे घेऊन आल्या. शिपायाने आणि डॉक्टरांनी स्पिरिटचं कपाट मागच्या दाराने फरफटत बाहेर काढलं. आम्ही ओतत राहिलो. धुराने घसा सोलून निघत होता. किती हंडे ओतले कोणास ठाऊक, पण आग बसली तेव्हा कोठीतून जांभळ्या पाण्याचा ओहोळ अंगणात आला होता आणि आम्हा सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत त्यात होते. अर्धी कोठी कोळसा झाली होती. फळ्यांचा पडदा वॉर्डाच्या बाजूने काळा पडला होता, बाळंतिणीची खाट होती बरोबर तिथे.

ऊन उतरताना कंपाउंडर सायकलवरून आले. अंगणाचा रंग पाहून खाली उतरले. आत जाऊन काठीने राख उकरली, आणखी चार बादल्या पाणी ओतलं, मग बाहेर येऊन विचारलं, "पोर कसं आहे?"

"झोपलंय."

"बाळंतीण?"

"बरी आहे."

मग ते मटकन पायरीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ग्लिसरीन कोणी ठेवलं होतं?"

मी माझ्या तपकिरी झालेल्या पायांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तपासणीला आले होते ती चौकशी झाली. साहेब वयस्कर, पापलेटाच्या जेवणाचं आमंत्रण आधीच घेऊन बसलेले, कोणाची नोकरी जावी अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पहिली साक्ष शिपायाची. तो घाबरून म्हणाला, "साहेब, उंदीर फार झालेत. उंदरानेच बाटली पाडली असेल."

खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उजळले. उंदीर! डॉक्टर म्हणाले, शक्य आहे. साहेब म्हणाले, फारच शक्य आहे. त्यांनी भराभर लिहून काढलं: मूषकाने बाटली पाडल्यामुळे अकस्मात आग. डॉक्टरांनी सही केली. शिपायाने अंगठा दिला. कागद माझ्यापुढे आला. मीही सही केली. माझी नोकरी कायम व्हायची होती.

"झालं," साहेब उठत म्हणाले.

"साहेब," कोपऱ्यातून कंपाउंडर म्हणाले, "उंदीर निर्दोष आहे."

"तुम्ही तर इथे नव्हतात!"

"उंदीरही नव्हता. मी रात्रंदिवस इथे असतो, साहेब. ती फळी भिंतीपासून सुटी होती, छताला तारेने टांगलेली. तिथे उंदीर जात नाही. फळी एका बाजूला कललेली होती. कडेला जड बाटली ठेवली की ती सरकते. पिंप डॉक्टरसाहेबांनी आणवला. बाटली बाईंनी ठेवली. चावी खिळ्याला मी ठेवली, आणि फळी कललेली आहे हे माहीत असून दुरुस्त केली नाही, तेही मीच. तिघांची नावं घाला."

मला त्यांचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. साहेब लाल झाले. "तुम्हाला नोकरी नको आहे का?"

"पाहिजे आहे. पण तुम्ही उंदीर लिहिलात तर उद्या सगळ्या दवाखान्यांतून उंदीर मारत बसतील, आणि बाटल्या जागच्या जागी राहतील."

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि जेवायला गेले.

कंपाउंडर म्हणाले होते तसंच झालं. दीड महिन्याने सगळ्या दवाखान्यांना हुकूम आला की मूषकांचा बंदोबस्त करावा, सोबत एकेक पिंजरा पाठवत आहोत. आणि त्याच टपालाने कंपाउंडरांची बदली आली, थेट अलिबागच्या पलीकडे.

त्या दीड महिन्यात मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. ते माझ्याशी पहिल्यासारखेच बोलत. "बाई, चमचा कोरडा आहे ना?" "बाई, रंग टिकला का?" एकदा तरी रागावले असते, टोमणा मारला असता, तर माझं सोपं झालं असतं. पण त्यांच्या दृष्टीने मी एक बाटली चुकीच्या जागी ठेवली होती आणि एक सही चुकीच्या कागदावर केली होती. दोन्ही त्यांनी सांगून टाकलं होतं. त्यांच्याकडून विषय संपला होता.

बदलीचा कागद बघितला त्या दिवशी मी जिल्ह्याला पत्र लिहायला बसले. चार दिवस लागले. पुढे त्या पत्राचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते: मला ताकीद मिळाली, नोकरी कायम व्हायला एक वर्ष जास्त लागलं, डॉक्टर माझ्याशी पावसाळा संपेपर्यंत बोलले नाहीत. आणि आणखी एक हुकूम निघाला, की पोटॅश परमँगनेट आणि ग्लिसरीन, स्पिरिट, कापूस यांचा साठा एका खोलीत करू नये. त्यात कारण दिलेलं नव्हतं. त्यांची बदली मात्र रद्द झाली नाही.

त्यांना पोचवायला मी दिघीपर्यंत गेले. पलीकडे आगरदांड्याला जाणारी लाँच धक्क्याला लागली होती. त्यांची बायको ट्रंकेवर बसून पोराबाळांसारखी गाठोडी मोजत होती. मी पत्र पदरातून काढून त्यांच्या हातात दिलं. पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं.

"भाऊ, हे आज टपालात टाकणार आहे. तुम्ही नुसतं बघा."

वाटलं होतं, त्यांचे डोळे भरून येतील, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी चष्मा लावला, वाळूच्या पोत्यावर बसले आणि पत्र सुरुवातीपासून वाचलं.

"हे काय लिहिलंत? 'माझ्या हातून चुकून बाटली ठेवली गेली.' चुकून हा शब्द काढा."

"पण चुकूनच..."

"चुकून सगळंच होतं. त्यावरून पुढच्या माणसाला काय कळणार? का ठेवलीत, ते लिहा."

मी म्हटलं, "उद्यापर्यंतच तर आहे, असं मनात आलं होतं."

"हां," ते म्हणाले. "हे लिहा. हेच पाहिजे."

लाँचवाल्याने भोंगा दिला. बायको उठली तशी खलाशाने ट्रंक उचलून लाँचवर नेली. "अहो, चला! ट्रंक चढवली!"

"एक मिनिट. बाई, पेन आहे?"

मी पेन दिलं. त्यांनी मांडीवर कागद धरून तो शब्द स्वतः खोडला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहायला लागले. दुसरा भोंगा झाला. लोक धावत चढले. धक्क्यावरून दोर सुटला.

"अहो, सुटली!" त्यांची बायको हताशपणे म्हणाली. "आपली ट्रंक गेली!"

लाँच खाडीत वळली. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

"पुढे लिहा," म्हणाले. "बूच घट्ट बसवलं होतंत, की सैल होतं?"